एकच सायकल, रोजच्या घामाला आणि कोकणालाही : रोड बाईक की हायब्रीड?

कासवगती
वय ४६, वजन ७८. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, मी सायकल धरली. दोन वर्षं मुलाची जुनी २६ इंची एमटीबी (डोंगरी सायकल) घेऊन सकाळी वारजे ते खडकवासला आणि परत करतोय. आता नवी घ्यायचीय आणि तिच्याकडून दोन कामं हवीत. आठवड्यातून चार दिवस ३०-४० किमी दम लागेपर्यंत, आणि डिसेंबरात ताम्हिणी उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर करत रत्नागिरी. सामान स्वतःच वाहायचं, १० किलो धरा. घरात दोन सायकलींना जागा नाही (परवानगीही नाही).

माझं मत जवळजवळ झालंय : रोड बाईक, म्हणजे पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची. रेसवाली नव्हे. ३२ मिमीचे टायर मावतील, कॅरिअर-मडगार्डसाठी फ्रेमला भोकं असतील आणि हँडल फार खाली नसेल अशी. दुकानदार सपाट हँडलची, सरळ बसायची हायब्रीड पुढे करून म्हणतो, "काका, हायब्रीड घ्या, वाकून कंबर जाईल." मला त्यातलं 'काका' जास्त लागलं. बोला.

पान्हा
दुकानदाराचं ऐका. कंबरेसाठी नाही, गिअरसाठी. रोड बाईकला बहुधा पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट (चकत्यांचा गठ्ठा) असते. सगळ्यात हलक्या गिअरला ३४ भागिले ३२ म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.३ मीटर पुढे जाते. तीन चकत्यांच्या हायब्रीडला पुढे २८ असतो, मागे तेच ३२ धरले तर १.९ मीटर. कागदावर फरक वीतभर वाटतो. पण १० टक्क्यांच्या चढावर तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर रोड बाईकवर ताशी ८ किमीने चढावं लागेल, म्हणजे सव्वादोनशे वॉटच्या वर. तेवढी ताकद तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे नाही. मग फेऱ्या ४५ वर येतात आणि गुडघा बोलायला लागतो.

उतारप्रेमी
>> तीन चकत्यांच्या हायब्रीडला १.९ मीटर

हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. कॅसेट बदलता येते हो. क्लॅरिस किंवा सोराचा (शिमानोचे स्वस्तातले गिअर संच) लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी सरकवणारा हात, ३४ दाती घेतो, म्हणजे पुढे-मागे ३४-३४, एकास एक. घेतानाच दुकानदाराकडून बदलून घ्या.

आणि हायब्रीडवाले एक सांगत नाहीत. सपाट हँडलवर हात ठेवायची जागा एकच. तासभर ठीक. चौथ्या तासाला करंगळीला मुंग्या येतात, संध्याकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत. ड्रॉप हँडलवर वर, ब्रेकच्या बोंडावर आणि खाली अशा तीन जागा मिळतात. शिवाय रस्ता समुद्राच्या कडेला आला की दुपारी वारा सुटतो, तो तोंडावर आला तर वाकता येणं ही चैन नाही.

रत्नांग्रीकर
पुण्यातल्या लोकांना कोकणचा किनारा म्हणजे सपाट वाटतो. 'किनारी रस्ता' या नावाने फसू नका. बागमांडल्याला फेरीबोटीत बसलात, वेसवीला उतरलात की चढ. दाभोळ-धोपावे तेच, तवसाळ-जयगड तेच. प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत खाली यायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) जायचं. सिंहगडाचा चढ एकदाच संपतो, हे दिवसातून सहा वेळा येतं आणि बोटीत बसून पाय थंड झालेले असतात. बरं, चढ लांब नसतो पण उभा असतो. त्यामुळे माझं मत पान्ह्याला. लाज सोडून हलका गिअर घ्या.

दुसरं, ट्यूब. आमच्याकडे पंक्चरवाल्याकडे ॲटलससारख्या जुन्या सायकलची २८ इंची ट्यूब मिळेल, ७०० सी ची (तुमच्या नव्या सायकलच्या मापाची) नाही. दिसायला चाकं सारखीच, पण ॲटलसचा रिम ६३५ मिमी व्यासाचा आणि तुमचा ६२२. टायर तर बसायचाच नाही. आणि पातळ तोटीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह बघून तो म्हणतो, "ह्याला हवा खयसून भरतंस?" पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवा, दोन ट्यूब जवळ ठेवा.

उतारप्रेमी
ते हायब्रीडलाही लागू आहे की. तिचा रिमही ६२२ च. २९ इंची एमटीबीचासुद्धा. हा मुद्दा रोड बाईकच्या विरोधात कसा?

रत्नांग्रीकर
विरोधात नाही. माहिती दिली. सगळंच भांडायला नसतं.

सड्यावरची
दोन्ही बाजू गिअर आणि हँडलवर अडल्यात. माझी टूर मोडली ती मागच्या चाकाने. नाव घेत नाही, पण सायकल देखणी, चाकाला स्पोक २४. कॅरिअर लावलं, दोन बाजूंना पिशव्या. तिसऱ्या दिवशी केळशीच्या अलीकडे 'टण्ण' झालं. कॅसेटच्या बाजूचा स्पोक तुटलेला. तो बदलायचा तर कॅसेट काढावी लागते आणि त्याचं हत्यार गावात कुणाकडे असणार? जवळच्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी डोळ्यांनीच बघून उरलेल्या स्पोकांवर चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढला. ब्रेक घासत होता म्हणून तो सोडून ठेवला आणि दापोलीपर्यंत पुढच्या ब्रेकवर गेले. चहाचेसुद्धा पैसे देऊ देईनात.

तर दुकानात गेल्यावर आधी मागच्या चाकाचे स्पोक मोजा. ३२ हवेत, ३६ असतील तर देव पावला. मग खोगिरावर बसून टाच मागे किती जाते बघा. रेसच्या सायकलचा मागचा भाग आखूड असतो, दर फेरीला टाच पिशवीला लागते. दिवसभर ते सहन होत नाही.

पान्हा
सड्यावरची, याला म्हणतात प्रतिसाद. स्पोकचं मी विसरलोच होतो. तरी मत हायब्रीडच, फक्त पुढे सस्पेन्शन नसलेली. ते स्प्रिंगवालं प्रकरण चढावर उभं राहिलं की नुसतं डुलतं.

हाफचड्डी
मी आहे त्याच २६ इंचीला गुळगुळीत टायर लावून २०० किमीची ब्रेवे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब सायकलफेरी) केलीय. मुदत साडेतेरा तास, सरासरी ताशी १५ किमीसुद्धा लागत नाही. नवीवर पैसे घालवण्याआधी तसे टायर लावून बघा.

उतारप्रेमी
आठवड्यातून चार सकाळी त्यावर मजा येते का, ते सांगा. टूर वर्षातून एकदा, आठ दिवस. बाकीचे दोनशे दिवस खडकवासलाच आहे. जी सायकल बघून पहाटे साडेपाचला उठावंसं वाटतं ती घ्यावी. जड हायब्रीडने माझा व्यायाम चार महिन्यांत बंद पडला होता, हे अनुभवाचे बोल.

कासवगती
सगळ्यांचे आभार. वाद बघून काल मित्राची रोड बाईक मागून आणली. ५०/३४, मागे ३४, स्पोक ३२, मोजले. कॅरिअर होतंच. त्यावर दोन बाजूंना पाच-पाच किलो तांदूळ बांधले आणि बोपदेव घाट चढलो. पहिल्या वळणानंतर एकदा पाय टेकला. त्यानंतर नाही. टाच पिशवीला लागत होती, पिशवी बोटभर मागे सरकवली तेव्हा थांबलं. वर गेल्यावर करंगळ्या जागेवर होत्या, गुडघा थोडा बोलला.

सपाटीला परत येताना मात्र इतका वेग लागला की घर आलं तरी दोन चकरा जास्त मारल्या. मी रोड बाईक घेतोय. पान्हा, नाराज होऊ नका, कॅसेट ३४ चीच.

पान्हा
नाराज नाही. डिसेंबरात वेसवीच्या चढावर आठवण काढा. तांदूळ कुठला होता?

कासवगती
इंद्रायणी. एक पिशवी खडीवर फाटली. घरी अजून सांगितलेलं नाही.