रंजक्यासाठी मिरच्या ओटीजीत भाजाव्यात का?

ए-२०१ वहिनी: खंडेराव मार्केटातून ताज्या लाल मिरच्या आणल्यात, रंजका करायचाय. गॅसवर भाजल्या की सासूबाईंना फार ठसका लागतो, दमा आहे त्यांना. ओटीजीत चालतील का?

सी-४०३ काकू: अगं, छान होतात! पण ठसका तिथेही उठतो. मिरची तापली की तिखटाचे बारीक कण वाफेबरोबर हवेत येतात. त्यामुळे सासूबाई घरी नसताना कर.

बी-१०२ काका: आपल्या विंगांचा डक्ट एकच आहे आणि आमच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. वेळ आधी इथे टाका, आम्ही खिडक्या लावून घेऊ.

ए-२०१ वहिनी: उद्या दुपारी चार, काका. सासूबाई तेव्हा भजनाला जातात.

सी-४०३ काकू: आता नीट वाच. मिरच्या धुवून अगदी कोरड्या पूस. हाताला तेल चोळ आणि प्रत्येक मिरचीला चीर दे, नाहीतर वाफ कोंडून फुटते. कमी जहाल हवा असेल तर आतला पांढरा गाभा काढून टाक. बियांना उगाच बोल लावतात, खरा तिखटपणा त्या गाभ्यात असतो. ओटीजी २२० अंशांवर तापवून घे, मिरच्यांना तेलाचं बोट लाव, ट्रेमध्ये एकेरी पसर. जाड मिरचीला १५ ते २० मिनिटं, मध्ये एकदा उलटायची. साल फुगून काळे डाग पडले की झालं. दार उघडताना तोंड बाजूला कर, पहिला झोत फार झोंबतो. लगेच पातेल्यात काढून झाकण घाल. दहा मिनिटांनी चिमटीत धरलंस की साल अलगद सुटते. नळाखाली मात्र सोलू नकोस, भाजल्याचा सगळा स्वाद वाहून जातो.

ए-५०२: लवंगी मिरच्यापण अशाच?

सी-४०३ काकू: त्या सात-आठ मिनिटांत होतात, समोरून हलू नकोस. सोलायच्या नाहीत.

डी-३०१ ताई: हात जळजळले तर?

सी-४०३ काकू: नुसत्या पाण्याने जात नाही. आधी तेल चोळ, मग साबण.

डी-३०१ ताई: आणि भाजलेल्या मिरच्या, लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली तर महिनाभर टिकेल ना?

सी-४०३ काकू: ओट्यावर मुळीच नको! तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार होऊ शकतं, आणि वासावरून कळतही नाही. फ्रिजमध्ये ठेव, तीन-चार दिवसांत संपव. जास्त असतील तर तेल न घालता फ्रीझरमध्ये.

डी-३०१ ताई: बरं झालं विचारलं. बरणी परत कपाटात ठेवते, डबे काढते.