वाचनालयात फुकट ऐकलेलं गाणं : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, तिकीट काढून ऐकलेल्या मैफिलींबद्दल आपण भरभरून बोलतो, सवाई गंधर्व महोत्सव झाला, दिवाळी पहाट झाली. पण आपल्या गावातल्या वाचनालयात कपाटं जरा बाजूला सारून, सतरंज्या टाकून जे गाणं होतं आणि जिथे कुणीही चपला काढून आत येऊन बसू शकतं, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

मी ठाण्याची. आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन उभं केलेलं, त्यामुळे वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकांची देवघेव नाही, तिथे भाषणंही होतात आणि गाणंही होतं हे ठाण्यात वाढलेल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या घरी गाणं शिकलेलं कोणीच नव्हतं. गायकाच्या मागे बसून तंबोरा छेडणारी मुलगी पूर्ण वेळ तेवढंच करत असते आणि तिचा हात जरा रेंगाळला तरी गाणाऱ्याला ते लगेच कळतं, हे मला वाचनालयात कळलं, कारण मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मोठ्या थिएटरात बाल्कनीतून हे दिसतच नाही.

तर लिहा. कलाकार किती नावाजलेला होता हे महत्त्वाचं नाही. खोली कशी होती, कोण कोण आलेलं, तुम्हाला काय मिळालं, आणि काही खटकलं असेल तर तेही बिनधास्त लिहा.

नाशिकहून

आम्ही नाशिककर त्याला सावाना म्हणतो, सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासूनचं. लेकाला बाल विभागातून पुस्तक बदलून द्यायला गेले होते, तिथेच बोर्ड वाचला की संध्याकाळी शास्त्रीय गायन आहे, प्रवेश खुला. म्हटलं पाच मिनिटं बसू, कंटाळला की उठू, पैसे थोडेच भरलेत.

आम्ही लवकर पोचलो त्यामुळे पुढे जागा मिळाली. तबलजी तबला लावत होते. कधी हातोडीने खालच्या गट्ट्यांवर ठोकायचे, कधी कडेच्या गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या वेणीवर अलगद, मग बोटाने चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर वाजवून कान देऊन ऐकायचे. पोरगं मोठ्याने म्हणालं, आई ते तबल्याला मारतायत का? मी गप्प करायला गेले तर ते काका हसले आणि त्याला जवळ बोलावून दाखवलं, गजऱ्यावर वरून खाली मारलं की स्वर चढतो, खालून वर मारलं की उतरतो. त्याला एकदा हातोडी हातात धरायला दिली. पेटीवाल्या ताईंनी स्वर धरून ठेवला आणि तो स्वर जुळला त्या क्षणी पोराचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण ते त्यालाही ऐकू आलं. आता त्याचा हट्ट असतो की कार्यक्रमाला अर्धा तास आधीच जायचं, त्याला गाण्याआधी वाद्यं जुळवताना बघायची असतात. ख्याल, म्हणजे मुख्य गाणं सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मांडीवर झोपतो. झोपू दे, कानावर पडतंय ना.

मेरीलँड, अमेरिका

आमचं जवळचं सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे थेट लायब्ररी ऑफ काँग्रेस, मेट्रोने जाता येतं, म्हणून लिहितोय. तिथे कूलिज ऑडिटोरियम आहे. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज नावाच्या बाईंनी पैसे दिले आणि १९२५ मध्ये ते बांधून झालं, साधारण पाचशे माणसं बसतील एवढंच आहे. तेव्हापासून तिथे चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताच्या मैफिली होतात आणि आज त्या फुकट असतात, फक्त आधी नाव नोंदवायचं. अॅरन कोपलंडची 'अॅपलेशियन स्प्रिंग' ही रचना मार्था ग्रॅहमच्या नृत्यासोबत पहिल्यांदा याच रंगमंचावर सादर झाली, ३० ऑक्टोबर १९४४ ला. एका लायब्ररीत!

मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट वेगळीच आहे. गर्ट्रूड क्लार्क व्हिटॉल नावाच्या दुसऱ्या एका बाईंनी १९३५ च्या सुमारास स्ट्रॅडिव्हरी या जुन्या, नामांकित व्हायोलिन कारागिराने बनवलेली पाच वाद्यं या लायब्ररीला दिली, तीन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. ती काचेच्या पेटीत नुसती बघायला ठेवायची नाहीत, वाजली पाहिजेत, ही त्यांची इच्छा होती. स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये १८ डिसेंबरला गेला, म्हणून दरवर्षी त्या तारखेच्या आसपास त्याच्या नावाची मैफल असते आणि त्यात ही वाद्यं वाजवतात. मी आईला घेऊन गेलो होतो, ती भारतातून आली होती. तिला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही असं ती स्वतःच आधी सांगत होती. चेलो सुरू झाल्यावर मात्र माझा हात धरून म्हणाली, अरे हा तर खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज वाटतोय. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि ही पूर्ण रस्ताभर विचारत होती की आपल्याकडच्या जुन्या गवयांची वाद्यं कुठे आहेत, कोणी वाजवतं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं, इथे कुणाला माहीत असेल तर सांगा.

मिरजेहून

वरच्या दादांच्या आईंना सांगा, वाद्यांचं गाव म्हणजे आमची मिरज. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि फुकट गाण्याची सवय आम्हाला वाचनालयाच्याही आधीपासून आहे, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे कोण तिकीट मागत नाही, चिंचेच्या झाडाखाली बसायचं आणि ऐकायचं.

पण मी तबला वाजवतो, त्यामुळे मला दुसरी बाजू पण लिहायची आहे आणि ती कुणाला लागली तरी चालेल. ऐकणाऱ्याला फुकट म्हणजे वाजवणाऱ्यानेही फुकट असं होत नाही. एका वाचनालयात (नाव नको) आम्हाला बोलावलं, दोन तास वाजवून घेतलं, शेवटी शाल, श्रीफळ आणि एक पुस्तक. गाडीभाडं आमच्या खिशातून. निवेदक मात्र पाच वेळा म्हणाले की कलाकारांनी सेवा म्हणून हजेरी लावली. सेवा आम्ही देवळात करतो हो, मनापासून करतो, पण तबल्याची पुडी (वरचं चामडं) बदलायला पैसे लागतात आणि दुकानदार सेवा घेत नाही. ज्या वाचनालयांना हे कळतं तिथे लहानसं का होईना पाकीट आधी हातात देतात, वर चहा विचारतात, तिथे मी माझा सुट्टीचा रविवार देऊनही जातो. थोडं कमी मिळालं तरी तक्रार नाही. देणारा कुणी दानशूर सभासद शोधा, कुणाच्या आईवडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ करा, शंभर मार्ग आहेत. ऐकणाऱ्याला फुकटच ठेवा, त्याबद्दल माझं दुमत नाही, कारण खरी दाद तिथेच मिळते. आमच्याकडे एकदा तंबोरे करणारे कारागीर स्वतः येऊन बसले होते, कार्यक्रमाआधी त्यांनी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत जवारी, म्हणजे तारेचा घुमारा कसा खुलतो ते लोकांना दाखवलं, धागा केसभर हलला आणि तार एकदम बोलायला लागली. हॉलमधून जो आवाज आला 'अरे वा' म्हणून, तो मला कधी मोठ्या स्टेजवर मिळाला नाही.

कुडाळ तालुक्यातून

आमचं ड वर्गाचं वाचनालय, म्हणजे सरकारी यादीत सगळ्यात धाकटं. अनुदान येतं त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं यातच सगळं जातं, गाण्यासाठी वेगळं काही उरत नाही. तरी आम्ही करतो, कारण गावात भजनी मंडळ आहेच, पखवाज आहे, पेटी आहे, बुवा आहेत. आषाढीच्या आधी एक संध्याकाळ वाचनालयात अभंग असतात. मानधनाचं मिरजेच्या दादांनी लिहिलं ते पटलं, बाहेरगावचा माणूस बोलावला तर आम्ही वर्गणी काढून देतोच. घरचेच असले की जेवण.

वाचनालयात अभंग घेण्यामागे एक विचार आहे. देवळात जे गातात तेच शब्द गाथेत छापलेले आहेत हे आमच्या पोरांना जोडून कळत नव्हतं. मग आम्ही काय केलं, बुवा जो अभंग घेणार त्याचं पान उघडून गाथा मधोमध ठेवायची. एका आजींना वाचता येत नाही, त्यांना सगळे अभंग पाठ, आणि नातू पानावर बोट ठेवून बघतोय की आजी बरोबर म्हणते का. एका ठिकाणी आजींचा शब्द वेगळा निघाला, बुवांनी थांबून सांगितलं की आमच्याकडे असाच म्हणतात, दोन्ही चालतं. त्या रात्री गाथा घरी न्यायला दोघं तिघं आले. माइक नव्हता, लागलाही नाही, खोलीच तेवढी आहे.

पुण्याहून

थोडा विरोधी सूर लावतोय, राग मानू नका. मी स्पर्धा परीक्षा देतोय आणि दिवसभर वाचनालयाच्या अभ्यासिकेत असतो. घरी पाच माणसं आणि दोन खोल्या, त्यामुळे अभ्यासिका ही माझ्यासाठी चैन नाही. पूर्व परीक्षेच्या तोंडावर खाली हॉलमध्ये साउंड सिस्टिम लावून भावगीतं चालू झाली, ढोलकीसकट. तक्रार केली तर एका काकांनी ऐकवलं की संस्कृती पण महत्त्वाची. मला गाण्याशी भांडायचं नाहीये. पण गाणं ठेवायचं तर आठवडाभर आधी अभ्यासिकेच्या दारावर कागद लावा, परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सोडा, आणि एवढ्याशा हॉलला मोठे स्पीकर लावू नका. कुडाळच्या ताई की दादा जे कोणी आहेत त्यांनी माइकशिवाय केलं ते शंभर टक्के बरोबर. बिन स्पीकरचं गाणं असेल तर मी स्वतः ब्रेक घेऊन खाली येऊन बसेन.

ठाण्याहून (धागा काढणारी)

पुण्याच्या दादा, पूर्ण पटलं. अभ्यासिकेतली मुलंही सभासदच आहेत आणि सगळ्यात जास्त तास तीच तिथे असतात. दारावर कागद लावायला खर्च तरी काय येतो.

डोंबिवलीहून

मी पोळीभाजीचे डबे देते. संध्याकाळचे डबे पोचवायला निघायच्या आधी मला मोजका वेळ मोकळा मिळतो. तिकिटाच्या कार्यक्रमाला मी जाऊच शकत नाही, पैशाचा प्रश्न नंतरचा, अर्ध्यात उठायचं म्हणजे जिवावर येतं आणि शेजारचे बघतात. वाचनालयात मागे दाराजवळ बसते, पिशवी पायाशी, घड्याळ बघून उठते. कोणी काही म्हणत नाही. त्यामुळे मी कितीतरी रागांची सुरुवातच ऐकली आहे, आलाप आणि विलंबित, म्हणजे संथ भाग, शेवटची द्रुत, जलद तान मला क्वचित मिळते. पण सांगते, ती सुरुवातच मला जास्त आवडायला लागली आहे. यमन ऐकून बाहेर पडलं की स्टेशनच्या गर्दीतून चालताना तो निषाद (नी स्वर) डोक्यात लागलेला असतो आणि जिने चढायचं काही वाटत नाही. माझी एकच विनंती आयोजकांना, कार्यक्रम वेळेवर सुरू करा. सत्कार आणि प्रास्ताविकात पाऊण तास गेला की माझ्यासारखीच्या वाट्याला फक्त भाषणं येतात.

बॉस्टनहून

बोस्टन पब्लिक लायब्ररीच्या दारावर दगडात कोरलंय, फ्री टू ऑल, सगळ्यांना मोफत. कॉप्ली चौकातली ही इमारत १८९५ ची. आत मधोमध कमानींचा चौक आहे, कारंजं आहे, आणि उन्हाळ्यात तिथे फुकट मैफिली होतात. ऑफिसचा डबा घेऊन जायचं, ऊन नसेल ती खुर्ची पकडायची. कधी जॅझ, कधी स्ट्रिंग क्वार्टेट. डोंबिवलीच्या ताईंसारखंच, जेवणाची सुट्टी संपली की उठायचं.

कोल्हापूरहून

मी ग्रंथपाल आहे, म्हणून कामाचं सांगते. कार्यक्रमाच्या संध्याकाळी देवघेव विभाग बंद करू नका, उलट उशिरापर्यंत उघडा ठेवा. त्या दिवशी जो राग किंवा जो गायक असेल त्याच्याशी जुळणारी पुस्तकं एका टेबलावर काढून ठेवा, चरित्रं, आठवणी, स्वरलिपी. आमच्याकडे भातखंड्यांच्या, रागांच्या बंदिशी स्वरलिपीसह देणाऱ्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहाही भाग वर्षानुवर्षं कपाटात होते, कुणी हात लावत नव्हतं. गाण्याच्या दिवशी टेबलावर काढले आणि गायिकेने नुकतीच गायलेली चीज (बंदिश) पुस्तकात उघडून दाखवली, तर लोक पानाचे फोटो काढायला लागले. आता त्यातल्या दुसऱ्या भागाची बांधणी सुटली आहे आणि मी समितीकडे नव्या संचाची मागणी टाकली आहे.