'रेडलाइनिंग'ला मराठीत काय म्हणावे?

अनुस्वार :
अमेरिकेतील शहरांमधल्या आर्थिक विषमतेवरचा एक लेख मराठीत आणताना 'रेडलाइनिंग'पाशी, म्हणजे नकाशावर लाल ठरलेल्या वस्त्यांना घरकर्ज नाकारण्याच्या प्रथेपाशी, अडले आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांची चार प्रतींत वर्गवारी केली. सर्वोत्तम वस्ती हिरवी, 'धोकादायक' ती लाल, आणि काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगातच गेल्या. मी 'लाल रेषेतील वस्त्या' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'वाळीत टाकलेल्या वस्त्या' केले. मला ते खटकते, पण का खटकते हे नेमके सांगता येत नाही.

पंचगंगाकाठ :
आमच्या कोल्हापुरात 'लाल रेषेतले घर' म्हटले की पूररेषाच डोळ्यांपुढे येते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणजे वस्ती मुळातच धोक्याच्या जागी होती, असा नेमका उलटा अर्थ वाचक घेईल. 'धोकादायक' हा शब्दही फसवाच आहे, कारण आपल्याकडे ती पाटी मोडकळीला आलेल्या इमारतीवर लागते, तर तिथे भिंती धडधाकट असूनही राहणाऱ्यांचा वंश पाहून शेरा मारला जाई. दारूबंदीच्या चालीवर 'पतबंदी' कसा वाटतो?

जुनी पाटी :
'पतबंदी'ला परिपत्रकाचा वास येतो, शिवाय त्यात वंश दिसतच नाही. 'वाळीत' का खटकतो, ते मात्र सांगता येईल. कालपर्यंत जो आपल्यातला होता, त्याला जातपंचायत बाहेर काढते तेव्हा तो वाळीत पडतो. (पाणी तोडलेला माणूस वाळतो म्हणून वाळीत, असे माझी आजी सांगे, व्युत्पत्तीचा भरवसा मी देत नाही.) ज्यांना मुळात आत घेतलेच नव्हते, त्यांच्यासाठी 'गावकुसाबाहेर' हा आपला शब्द तयार आहे.

अनुस्वार :
'गावकुसाबाहेर' म्हटले की इथली जात आली. त्या शब्दामागचा इथला इतिहास शिकागोच्या किंवा डेट्रॉइटच्या वस्तीला कसा लावायचा?

जुनी पाटी :
जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ही तुलना मराठीला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपणच आता का लाजावे?

परदेशस्थ :
मी न्यू जर्सीत राहतो. घर घेताना जुनी कागदपत्रे चाळली, तर टंकलिखित खरेदीखतात सांडपाण्याच्या आणि कुंपणाच्या कलमांमध्ये एक कलम निघाले, की गोऱ्या वंशाखेरीज कोणी या घरात राहू नये, घरगड्यांचा अपवाद करून. १९२३ च्या थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना गोरे मानले नव्हते, तेव्हा या घरात मलाही झाडू हातात घेऊनच शिरावे लागले असते. अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणणे १९४८ साली बंद झाले आणि घरांच्या व्यवहारातील वंशभेद १९६८ च्या कायद्याने निषिद्ध ठरला, पण कागद तसाच राहिला. सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' असते, तशी याला 'वंशशर्त' म्हणावे.

पंचगंगाकाठ :
पण ती घराची अट झाली. प्रश्न कर्जाचा होता.

परदेशस्थ :
दोन्हींचा परिणाम एकाच ठिकाणी पोचतो. ज्यांना स्वस्त कर्ज मिळाले त्यांचे घर वाढत्या किमतीसह मुलांकडे गेले. ज्यांना मिळाले नाही ते भाडे भरत राहिले. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो, म्हणून घर स्वस्त तिथे शाळाही हलाखीत. २०२२ च्या सरकारी पाहणीत गोऱ्या कुटुंबांच्या संपत्तीचा मध्यक २,८५,००० डॉलर होता, काळ्यांचा ४४,९००. एवढे सगळे एका शब्दात कोंबण्याऐवजी 'रेडलाइनिंग'च ठेवा. बँक आणि चेक आपण घेतलेच ना?

जुनी पाटी :
बँक आणि चेक रोज हाताळून मराठी झाले. हा शब्द अजून कोणाच्या हातातच आलेला नाही. आणि 'काळे', 'गोरे' हे तरी लेखात चालणार आहेत का? मी 'कृष्णवर्णीय' लिहितो.

परदेशस्थ :
'वर्ण' लिहिलात की आपला वाचक चातुर्वर्ण्याकडे वळतो. 'वंश'च बरा.

अनुस्वार :
शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे आणि पुढच्याच परिच्छेदात 'सनडाउन टाउन' येते : सूर्य मावळायच्या आत काळ्यांनी निघून जावे, असे वेशीवरच्या पाटीने बजावणारी गावे. 'दिवेलागणीपूर्वी' असे लिहिले होते. मग घरी त्या वेळी आम्ही दिव्याला नमस्कार करतो हे आठवले आणि पुन्हा खोडले.