नवी स्विफ्ट, ओडोमीटर १४०, गणपतीला कणकवलीला न्यायची आहे. रनिंग-इनचं (नवं इंजिन सुरुवातीला जपून रुळवायचं) नेमकं काय करायचं?

कोथरूडचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी. घरात पहिलीच चारचाकी आलीय, स्विफ्ट पेट्रोल मॅन्युअल. पासिंग झालं, नंबर प्लेट लागली, पेढे वाटून झाले आणि आता जेवढी माणसं भेटतायत तेवढे सल्ले मिळतायत. बाबा म्हणतात पहिले हजार किमी साठच्या वर काटा जाता कामा नये आणि एसीसुद्धा शक्यतो बंद ठेव. डिलिव्हरी देणारा मुलगा म्हणाला सर आजकाल रनिंग-इन बिनिंग काही नसतं, ते फॅक्टरीतच होऊन येतं, बिनधास्त चालवा. ऑफिसातला एक जण यूट्यूब बघून सांगतोय की पहिल्या दिवसापासून रगडायची नाहीतर इंजिन कायमचं मठ्ठ राहतं. आणि गल्लीतला गॅरेजवाला म्हणतो ५०० ला ऑइल बदलून घ्या, आत लोखंडाचा चुरा फिरत असतो.

गणपतीला गावी जायचंय. पुणे, कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, जाऊन-येऊन सातशेच्या आसपास होतील. चार मोठी माणसं, एक पोरगं आणि डिकीत आईने भरलेलं जे काय असेल ते. हायवेला किती स्पीड ठेवू, घाटात एवढा लोड नव्या इंजिनवर चालेल का, की सरळ एसटीचं बुकिंग करू आणि गाडी आधी शहरातच हजार करून घेऊ?

मॅन्युअल वाच म्हणू नका, वाचलंय. त्यात नुसतं हे करू नका ते करू नका एवढंच आहे, का ते कुठेच नाही.

पद्मिनी_११००

अभिनंदन! बाबांना हसू नका हो, त्यांनी जे ऐकलं ते त्या काळात बरोबरच होतं. नवी गाडी आली किंवा इंजिनचं काम झालं की मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' असा कागद चिकटवायची पद्धत होती, म्हणजे मागच्याने हॉर्न बडवत बसू नये, आपलं निघून जावं. चाळीसच्या वर न्यायची म्हणजे घरात भांडण. तेव्हा मशीनिंगही आजच्यासारखं बारीक नव्हतं आणि ऑइलही साधंच, जास्त रगडलं तर पिस्टन जाम व्हायची खरीच भीती असायची.

माझं मत विचाराल तर साठ-सत्तरने आरामात जा. दोन तास उशिरा पोचलात म्हणून बाप्पा रागावत नाहीत.

उद्यमनगर_कोल्हापूर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण साठ-सत्तरने एकसारखी पाचव्यात नेणं हेच नव्या इंजिनला नको असतं. आमचं काम रोजचं बोअरिंग-होनिंगचं आहे, हाफ इंजिन, फुल इंजिन, ट्रॅक्टर, जनरेटर, कार सगळं येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

सिलिंडरचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक, हाताला गुळगुळीत लागतो पण तो गुळगुळीत नसतो, ठेवायचाच नसतो. होनिंगच्या दगडाने त्याच्यावर तिरक्या रेघा मारलेल्या असतात, एकमेकींना छेद देणाऱ्या. बोअर साफ पुसून उजेडाकडे तिरका धरला की फुलीफुलीची जाळी स्पष्ट दिसते. जात्याला टाकी लावतात तसलाच प्रकार. त्या रेघांमध्ये ऑइल धरून राहतं आणि रेघांच्या वरच्या बारीक कडा असतात त्या पिस्टनवरच्या नव्या रिंगांवर घासून घासून रिंग आणि बोअर एकमेकांना बसतात. रनिंग-इन म्हणजे मुख्यतः हेच, बाकी बेअरिंग, गिअर वगैरे असतं पण खरा खेळ रिंगांचा.

आता रिंग बोअरला दाबून कशी धरली जाते? तिचा स्वतःचा ताण असतो पण तो थोडाच. पेट्रोल पेटल्यावर वरचा गॅस रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि रिंगेला बाहेर ढकलतो. म्हणजे इंजिनवर थोडा लोड पाहिजेच, तेव्हाच रिंग नीट टेकते. नुसतं गोंजारून चालवलं, आयडलिंगला ठेवलं तर ती टेकत नाही, ऑइल बोअरवर राहून भाजतं आणि काचेसारखा थर चढतो. मग ते बोअर कायम ऑइल पितं, बॅक कॉम्प्रेशन मारतं, म्हणजे वरचा गॅस रिंगांवरून खाली गळतो. आमच्याकडे मंगल कार्यालयांचे जनरेटर असेच येतात. तास बघावे तर फारसे चाललेले नसतात, मोठा जनरेटर आणि लोड म्हणजे चार ट्यूब आणि दोन पंखे, त्यामुळे सायलेन्सरमधून काळं तेलकट गळत असतं. हेड उघडलं की बोअर आरशासारखं चकाकतं, मालक म्हणतो बघा किती छान आहे, आणि तेच तर दुखणं असतं.

पण याचा अर्थ ऑफिसवाल्या मित्राचं खरं असा नाही. लोड पाहिजे तो मध्यम, आणि इंजिन गरम झाल्यावर. कडा नव्या असताना लालरेषेपर्यंत रेस केलं तर घासणं इतकं होतं की तिथे उष्णता साठते, ऑइलची फिल्म तुटते, बोअरवर ओरखडे पडतात. ते मग बसत नाहीत, आमच्याकडे येतात.

तर तुमचं कोकण. बिनधास्त न्या, शहरात ट्रॅफिकमध्ये हजार करण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला. फक्त स्पीडचा काटा बघू नका, शेजारचा आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा, बघा. दोन ते साडेतीन हजाराच्या मध्ये खेळवत ठेवा, चार हजाराच्या वर पहिल्या हजार किमीत काम नाही. मोकळा रस्ता दिसला की तिसऱ्या-चौथ्याला व्यवस्थित पिकअप देऊन तीन-साडेतीन हजारापर्यंत न्यायची, मग पाय काढायचा आणि गिअरमध्येच हळू होऊ द्यायची. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, त्याने ऑइल वर ओढलं जातं आणि बोअरला थोडा आराम मिळतो. असं अधूनमधून करत जायचं, मागे कोण नाही ते बघून.

खंबाटकी चढताना आणि परतीला फोंडा चढताना एकच चूक टाळा. वरच्या गिअरला कुंथवू नका. माणसं भरलेली, गाडी चौथ्यात, आरपीएम हजार-बाराशे आणि पाय दाबलेला, सगळी गाडी थरथरतेय, हे साडेतीन हजाराने तिसऱ्यात चढण्यापेक्षा जास्त वाईट. आवाज वाढला म्हणून घाबरू नका, खालचा गिअर टाका. जाताना फोंडा उतरायचाच आहे, तिथे दुसऱ्या-तिसऱ्यात उतरा, ब्रेकही वाचतील.

टेस्टबेड

वरच्या पोस्टला शंभर टक्के. मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, डिलिव्हरीवाल्याच्या 'फॅक्टरीत होऊन येतं' याबद्दल थोडं.

अर्धं खरं आहे. होनिंग आता फारच सुधारलंय. आधी खडबडीत रेघा मारून मग त्यांची टोकं बारीक दगडाने कापून टाकतात, म्हणजे जे काम पूर्वी गिऱ्हाइकाच्या पहिल्या हजार-दोन हजारात व्हायचं त्यातलं बरंचसं मशीनवरच उरकतं. म्हणून चाळीसने चालवायची गरज संपली. पण 'इंजिन फॅक्टरीत चालवून येतं' असं लोक समजतात तसं नसतं. लाइनवर बऱ्याच ठिकाणी कोल्ड टेस्ट असते, म्हणजे पेट्रोल न घालता इलेक्ट्रिक मोटरने इंजिन फिरवून ऑइल प्रेशर, टॉर्क, कॉम्प्रेशन बघतात. त्यात काही पेटतच नाही, मग रिंगांमागे गॅसचा दाब कुठून येणार. शेवटचा हात तुम्हालाच फिरवायचाय.

सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये ९६० किमी आणि ब्रेकसाठी ३२० किमी असे विचित्र आकडे आहेत ना, ते म्हणजे ६०० आणि २०० मैल, किलोमीटरमध्ये आणलेले. ९६१ व्या किलोमीटरला काही जादू होत नाही. 'एकाच स्पीडने फार वेळ चालवू नका' हे जे त्यात आहे त्याचं कारण उद्यमनगरवाल्यांनी सांगितलंच. एकाच आरपीएमला एकाच लोडवर तास-तासभर नेली की रिंग एकाच पद्धतीने घासत राहते.

आणि सकाळचं. दारात उभी करून दहा मिनिटं इंजिन गरम करायची सवय लावू नका. थंड इंजिनला पेट्रोल जास्त जातं, ते बोअरवरून धुवत खाली ऑइलमध्ये उतरतं. चालू करा, अर्धा मिनिट, सीटबेल्ट लावेपर्यंत, आणि निघा, पहिले पाच-सात किमी हळूच. कूलंटचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइलला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. नव्या इंजिनला यातनं सगळ्यात जास्त त्रास होतो असं माझं मत, स्पीडने नाही. कोथरूडहून कर्वे रोडला दूध आणायला रोज दोन किमी जाणारी गाडी मला सातशे किमी कोकण केलेल्या गाडीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

कोथरूडचा_चाकरमानी

बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद दोघांना. बाबांना जनरेटरचा किस्सा वाचून दाखवला, ते म्हणाले आमच्या गावच्या हॉलचा पण तसाच गळतो. तीन गोष्टी राहिल्यात. एसी लावायचा की नाही? ५०० ला ऑइल बदलायचं की नाही? आणि मायलेज तेरा-चौदा दाखवतंय, हे नॉर्मल आहे की गाडीत काही गडबड?

उद्यमनगर_कोल्हापूर

एसी लावा हो, पावसात काचांवर वाफ धरते, तेव्हा तर लावाच. तेवढा लोड काही नाही. चढावर फारच दमली तर दोन मिनिटं बंद करा, बास.

ऑइल मी स्वतः बदलतो, पहिल्या हजाराला. पहिला फिल्टर कापून उलगडून बघितलाय का कधी? कागदाच्या घडीत चंदेरी चमचम असते, बोटाला लागते.

टेस्टबेड

इथे माझं वेगळं मत आहे. चमचम असते, मान्य, पण ती अडकवायलाच फिल्टर आहे. बोअर करून आलेल्या जुन्या इंजिनला लवकर ऑइल बदलणं बरोबरच, तिथे वर्कशॉपची धूळ, होनिंगची पावडर राहिलेली असू शकते. फॅक्टरीत इंजिन धुऊन असेंबल होतं. होंडा तर स्पष्ट सांगते की कारखान्यातून भरून आलेलं ऑइल ठरलेल्या वेळेआधी काढू नका. तरी कोणाला बदलायचंच असेल तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घाला, आणि सर्व्हिस सेंटरला घालून बिल ठेवा, उद्या वॉरंटीचा वाद नको. गल्लीतल्या गॅरेजला 'जाड ऑइल घालू का, इंजिनला चांगलं' असं म्हणायची सवय असते, त्याला हो म्हणू नका.

त्यापेक्षा डिपस्टिक, म्हणजे इंजिनमधलं ऑइल मोजायची पट्टी, बघायला शिका, हे कोणीच शिकवत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी, पुसून परत घालून. निघायच्या आधी एकदा, कणकवलीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. रिंगा बसेपर्यंत किंचित कमी होऊ शकतं. पण वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत एका ट्रिपमध्ये आलं तर सर्व्हिस सेंटरला लेखी नोंद करा, तोंडी नको.

मायलेज विसरा सध्या. नवं इंजिन घट्ट असतं, शहरातलं ट्रॅफिक, छोटी अंतरं. दोन-तीन हजारांनंतर टाकी फुल्ल टू फुल्ल करून मोजा, डिस्प्लेवर जाऊ नका.

रगडा_पॅटिस

मी माझी पहिल्या दिवसापासून एक्स्प्रेसवेला फुल्ल पळवली, काही झालं नाही, ८० हजार झाले. सगळे उगाच घाबरवतात.

उद्यमनगर_कोल्हापूर

@रगडा_पॅटिस ऑइल किती पिते हजाराला, कधी मोजलंय का?

रगडा_पॅटिस

दोन सर्व्हिसच्या मध्ये एक लिटर टॉपअप करतो. ते तर सगळेच करतात ना?

नेक्सॉन_ईव्ही_वाली

माझ्याकडे इंजिनच नाही त्यामुळे या चर्चेत माझं काय काम, पण टायर आणि ब्रेक सगळ्यांना सारखेच असतात आणि वर कोणी त्याबद्दल बोललंच नाही. नव्या टायरला साच्यातून निघाल्याचा गुळगुळीतपणा असतो, पहिले दोन-चारशे किमी पकड पूर्ण नसते. त्यात भाद्रपदातला फोंडाघाट म्हणजे ओला रस्ता, धुकं, वळणावर शेवाळ. ब्रेक पॅडही डिस्कला बसलेले नसतात, म्हणून सुरुवातीला करकचून ब्रेक नको असं लिहिलेलं असतं. पण समोर म्हैस आली तर करकचूनच दाबा हं, तेव्हा पॅडचा विचार करायचा नाही. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा म्हणजे ती वेळच येणार नाही.

अजून एक, हवा तपासा. यार्डात उभ्या गाड्यांना बऱ्याचदा हवा जास्त भरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर आहे, त्यावर पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असेल तर पाच जणांसाठी तो धरा.

कोथरूडचा_चाकरमानी

एसटीचं बुकिंग रद्द. आजच हवा बघितली, चारही टायरमध्ये चाळीसच्या वर होती!! काढून घेतली. बाबांशी तह झालाय, साठ नाही पण नव्वदच्या वर नाही आणि आरपीएम बघायला ते शेजारच्या सीटवर बसणार आहेत. पहिली फ्री सर्व्हिस १००० किमी किंवा एक महिना आहे, महिना विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भरतोय, तोपर्यंत आम्ही परतलेलो नसू.

टेस्टबेड

मग परत यायची वाट बघू नका, निघायच्या आधीच करून घ्या. पहिल्या सर्व्हिसला बहुतेक तपासणीच असते, हजार व्हायलाच पाहिजेत असं नाही, जे आधी होईल ते. कूलंट, ब्रेक, नट-बोल्ट लिफ्टवर घेऊन बघतील, घाटात जायच्या आधी ते झालेलं बरंच. फक्त सणाच्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळत नाही, आजच फोन करा.