पाचारणाची साक्ष रेकॉर्ड करावी का? (चर्चा)

बोरीकाठचा

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या लोकांना पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, कसं झालं, ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचं काम मार्चपासून करतोय. निवृत्त पाळक, सुवार्तिक, बायबल वुमन. अकरा जण झाले, त्यातले दोघं आज नाहीत.

अकरावी मुलाखत पारोळ्याकडच्या एका आजींची. ऐंशीच्या पुढचं वय, उभं आयुष्य गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगण्यात गेलेलं. ओसरीत खाटेवर बिबडे वाळत होते, शेजारी पिठाची गिरणी. पंचवीस मिनिटं साक्ष दिली, म्हणजे देवानं आयुष्यात काय केलं ते सांगितलं. छान दिली. बायबलमधल्या शमुवेलासारखी रात्री हाक, मग वचन, मग डोळ्यांना पदर. हीच साक्ष मी नाताळच्या कार्यक्रमात दोनदा ऐकली होती, याच शब्दांत, याच जागी खाकरून. झाल्यावर म्हणाल्या, "बंद कर ते भाऊ, आते खरं सांगस."

बंद केलं. पुढे तासभर बोलल्या. हाक होतीच, पण तिच्याआधी घरात एक भांडण होतं आणि एक उपाशी आठवडा होता. मला तरी त्यानं ते पाचारण जास्त खरं वाटलं.

माझं मत: रेकॉर्ड करायलाच हवं, आणि लवकर. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं ती गाणी उतरवून घेतली, १९५१ला त्या गेल्या आणि १९५२ला पुस्तक आलं. उतरवून घेतलीच नसती तर? आपल्या आज्या काही बहिणाबाई नाहीत, कबूल. पण उतरवून घेणाराच नसेल तर कोण होतं न् कोण नव्हतं ते तरी कसं कळणार?

जुना_सेक्रेटरी

पहिल्यांदाच सांगतो, मी विरोधात आहे.

साक्ष मंडळीत द्यायची असते. समोर बसलेल्यांना तुम्ही कोण, कुणाचे, मागच्या वर्षी कुणाचे पैसे बुडवलेत, सगळं ठाऊक असतं, म्हणून तिथं तोंड सांभाळून बोलावं लागतं. यंत्राला काय ठाऊक? आणि शमुवेल काढलाच आहे तर पूर्ण काढा. त्याला हाक कळलीच नव्हती. तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे गेला. एलीनं ओळखलं, मग "बोल, तुझा दास ऐकत आहे". हाक ओळखायला शेजारी म्हातारा लागतो, माइक नाही.

बहिणाबाईंचं उदाहरणही तुमच्यावर उलटतं. त्या जात्यावर गात होत्या, वहीकडे बघून नाही.

आणि एक. आजींनी यंत्र बंद करायला लावलं. तरी "भांडण" आणि "उपाशी आठवडा" इथं आलंच ना? पारोळ्याकडे ऐंशीच्या पुढच्या बायबल वुमन अशा किती असतील?

बोरीकाठचा

काका, बरोबर पकडलंत. तालुका मी मुद्दाम दुसरा लिहिला होता, पण त्यानं चूक कमी होत नाही. ते वाक्य लिहायला नको होतं.

नवापूरची_लेक

मी पाळकाची मुलगी. पाचारण वडिलांना आलं, बदली आम्हा सगळ्यांना आली. आईनं सात गावांत चूल मांडली. दर ठिकाणी पार्सोनेजचं, म्हणजे पाळकाच्या घराचं, छप्पर गळायचं आणि दर ठिकाणी "पाळकीणबाई, चहा" म्हणत माणसं यायची. वडिलांची साक्ष दोन स्मरणिकांत छापून आली आहे. आईला कुणी विचारलंच नाही, तेव्हा रेकॉर्ड करावं की नाही हा प्रश्न तिच्यापर्यंत आलाच नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या, त्यांचा बाप्तिस्मा १९००ला. मधल्या वर्षांत काय झालं ते आपल्याला कळतं कारण बाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे'त सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं. ते नसतं तर आपल्याकडे फक्त टिळकांना आगगाडीत नवा करार देणारा साहेब उरला असता.

दादा, तुमच्या अकरात पाळकांच्या बायका किती? आणि दवाखान्यातली माणसं? चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२चा. माझा जन्म तिथलाच. रात्रपाळीच्या आया, कंपाउंडर, स्वयंपाकी, यांना पाचारण नव्हतं? की ते फक्त पांढरी कॉलर घातलेल्यालाच येतं?

बोरीकाठचा

पाळकांची बायको एकही नाही. दवाखान्यातलंही कुणी नाही. लिहितानाच लाज वाटतेय.

सातपुड्याचा_पोरगा

मोठी माणसं बोलताहेत, तरी नंदुरबारकडची गोष्ट सांगतो. तिकडे डीलिस्टिंगच्या, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा या मागणीनं लोक धास्तावलेत. कायद्यात आज अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. १९५०च्या आदेशातली ती अट अनुसूचित जातींसाठी आहे. पण पाड्यावर आदेश कोण वाचतो? तिथं तीस सेकंदांची क्लिप फिरते. "मी आधी अमुक देव मानायचो, मग सोडला", साक्षीतलं नेमकं हेच वाक्य कापलं जाणार. बोलणारा म्हातारा असेल, जमातीच्या दाखल्यासाठी खेटे नातवाला घालावे लागतील.

म्हणून रेकॉर्ड करा, पण यूट्यूबवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच.

दुसरं भाषेचं. माझे आजोबा घरात मावची बोलतात. साक्षीला उभे राहिले की एकदम बायबलची मराठी: "तेव्हा प्रभूने मज पाप्यावर दया केली." मी एकदा मावचीत विचारलं, तर पहिलं वाक्य बैलाबद्दल आलं. बैल हरवला होता, तो शोधताना दुसऱ्या गावात रात्र झाली, आणि तिथं प्रार्थना चालली होती. साठ वर्षांत हा बैल एकाही साक्षीत आला नव्हता.

आवाजवाला

वाद चालू द्या, माझं थोडं कामाचं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन खाटेवर नको, उशीवर ठेवा. वेव्ह फाइल घ्या, मोनोत तासाला तीनशे एमबीच्या आसपास जाते. व्हॉट्सॲपवरून आवाज म्हणून पाठवली तर पिळून निघते. दोन प्रती दोन घरांत. "पाचारण कसं झालं" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी विचारा, त्या दिवशी पायात काय होतं, घरात काय शिजलं होतं.

जुना_सेक्रेटरी

बैलाची गोष्ट आवडली. मत बदललेलं नाही, पण थोडं सरकतो. आमच्या कपाटातली १९६०च्या आधीची इतिवृत्तं वाळवीनं खाल्ली, आणि चावी माझ्याकडेच होती. तेव्हा कागदाच्या भरवशाचं मला फार सांगू नका.

माझी अट: व्हिडिओ नाही, नुसता आवाज. आणि माणूस हयात असेपर्यंत कुणी ऐकायचा नाही.

नवापूरची_लेक

काका, मग परवानगी कोण देणार? मुलगा? बऱ्याच गोष्टी मुलालाच ऐकू द्यायच्या नसतात. हयात असतानाच त्यांना विचारा: हे कुणी ऐकायचं, हे कुणी नाही. आणि त्यांनी नंतर पुसायला सांगितलं तर पुसा, हळहळत बसू नका.

जुना_सेक्रेटरी

पुसतील? अकरा मुलाखती जमवलेला माणूस बारावी पुसेल यावर माझा विश्वास नाही.

बोरीकाठचा

माझाही फारसा नाही, म्हणून काल परत गेलो. इथं लिहिलं ते आजींना सांगितलं. त्या रागावल्या, मग चहा दिला. मग पंचवीस मिनिटांची ती साक्ष ऐकवली. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकला. शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं, आणि म्हणाल्या, "गिरणीच जास्त बोलस."

ठेवू की पुसू, विचारलं. म्हणाल्या, बुधवारी ये, गिरणी बंद असते.