सवयींची नोंद ठेवायला जरा पुढचं अ‍ॅप हवंय

मदत हवी आहे. चार वर्षं रोजच्या सवयींची नोंद ठेवतोय, त्यामुळे 'पाणी प्या' म्हणून टुणटुणणारी अ‍ॅप्स आता नकोत. सध्याच्या अ‍ॅपात मंगळवारी ताप होता म्हणून व्यायाम चुकला, तर २१२ दिवसांची साखळी थेट शून्यावर! आजारपणाची सुट्टी टाकायची सोयच नाही. वर डेटा बाहेर काढायचा तर फक्त स्क्रीनशॉट.

लूप हॅबिट ट्रॅकर वापरून पाहिलं. मोफत, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), नोंदींची सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल) निघते आणि एखादा दिवस हुकला तरी सवयीचा स्कोअर थोडाच घसरतो. हे गणित मला फार पटलं. पण ते अँड्रॉइडपुरतंच, आणि मला टॅबलेट-लॅपटॉपवरही तीच नोंद दिसायला हवी.

'आठवड्यातून कुठलेही ३ दिवस' असं वेळापत्रक, मिनिटं किंवा पानं अशी आकड्यांत नोंद, आणि झोप कमी झाली की वाचन किती घटतं हे ताडून पाहता येणं, एवढं देणारं काही आहे का? की सरळ स्प्रेडशीटच बरी? (ती एकदा केली होती, रंग ठरवण्यातच आठवडा गेला.) वर्षभर तरी वापरलंय अशांनी सांगा, प्लीज. एकरकमी पैसे द्यायला तयार आहे, दरमहा वर्गणी नको.