गुलाबाचं तेल थिजलं, लिंबाचं चिकट झालं: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थंडी पडल्यापासून तीन इसेन्शियल ऑइल्सनी माझं डोकं खाल्लं आहे. गुलाबाच्या तेलात आधी चकचकीत पापुद्रे तरंगायला लागले, आता निम्मं थिजलंय. चक्रफुलाचं तेल चांगलं पातळ होतं; बाटली उचलून हलवली आणि बघता बघता पांढरा गोळा! लिंबाचं गोठलेलं नाही, पण दाट झालंय आणि झाकण चिकटून बसतं. विक्रेता म्हणतो, गोठतं म्हणजेच अस्सल. मैत्रीण म्हणते, मेण मिसळलंय. निलगिरीला मात्र काहीच होत नाही. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. वापरू की टाकू?

प्रतिसाद १

पहिल्या दोन बाटल्यांचं प्रकरण वेगळं, लिंबाचं वेगळं.

चक्रफुलाच्या तेलात बहुतांश त्याला वास देणारं द्रव्य, म्हणजे अ‍ॅनेथोल असतं. शुद्ध अ‍ॅनेथोल सुमारे २१ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे खोली गार झाली की ते गोठणारच. पण स्फटिक धरायला एखादा कण किंवा धक्का मिळाला नाही, तर त्याखालीही ते द्रव राहू शकतं. तुम्ही बाटली हलवलीत आणि ते निमित्त झालं. निलगिरीतलं मुख्य द्रव्य, सिनिओल, गोठायला पारा १-२ अंशांपर्यंत उतरावा लागतो.

गुलाबात मेण आहे, पण फुलाचं स्वतःचं. पाकळ्यांतले मेणासारखे हायड्रोकार्बन ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर तेलात येतात. त्यांना स्टिअरॉप्टीन म्हणतात. त्यांना वास जवळजवळ नसतो, पण साधारण २० अंशांच्या आसपास तेल थिजतं ते त्यांच्यामुळेच. तेव्हा मैत्रीण अर्धी बरोबर. विक्रेताही अर्धाच, कारण वरून मेण घालून भेसळीचं तेलही गोठवता येतं. उलट चंदन, वाळा अस्सल असले तरी नुसते दाट असतात, थंडीत आणखी दाट. शुद्धता बघायची तर गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करावी लागते, डोळ्यांना ते कळत नाही.

लिंबाच्या तेलातलं लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं आणि हळूहळू चिकटा धरतो. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हे लवकर होतं. ते तापवून पूर्ववत होत नाही. शिवाय त्यात तयार होणाऱ्या हायड्रोपेरॉक्साइडमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे अंगाला अजिबात लावू नका.

धागाकर्ती

खूप धन्यवाद! गुलाबाचं वरचं पातळ तेवढं काढून घेतलं तर चालेल?

प्रतिसाद १

नको. वरचं आणि खालचं मग दोन वेगळी तेलं होतात. चक्रफुलात तर गोठलेला भाग हाच मुख्य माल! झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्यात ठेवा, ३५-४० अंश पुरे. सगळं वितळलं की हलक्या हाताने फिरवा आणि मगच थेंब काढा. मायक्रोवेव्ह नको, आच तर नकोच. लिंबाची नवी बाटली आणलीत तर छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. थंडीने तळाशी थोडा गाळ बसला तर घाबरू नका, तो सालीतल्या मेणाचा असतो.

प्रतिसाद २

+१. अवांतर: मेन्था आर्वेन्सिस जातीच्या पुदिन्याचं तेल मुद्दाम गार करूनच त्यातून मेन्थॉलचे स्फटिक काढतात. आणि उलटी गंमत म्हणजे कोरडं मेन्थॉल नि कोरडा कापूर एकत्र खलला की दोन्ही पातळ होतात, ऊब न देता!